पांच डॉलरांचा भाग आणि तेरा अजिंक्यपदें

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागांत विस्कॉन्सिन नांवाचें एक संस्थान आहे. मिशिगन सरोवराचा एक लांबट फांटा त्या संस्थानाच्या भूमींत शिरून जेथें थांबतो आणि फॉक्स नदी जेथें त्याला येऊन मिळते, तेथें ग्रीन बे हें शहर वसलेलें आहे. २०२० सालच्या शिरगणतींत या शहराची वस्ती एक लक्ष सात हजार भरली. कागदाचे कारखाने, एक बंदर, आसमंतांतील दूधदुभत्याचा धंदा आणि वर्षांतून कित्येक महिने हाडें गोठविणारी थंडी, एवढीच काय ती या गांवाची मिळकत. अमेरिकेंतील मोठमोठ्या नगरांच्या यादींत त्याचें नांव शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं. परंतु याच गांवांत ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक बसूं शकतील असें एक क्रीडांगण आहे, आणि तेथें खेळणाऱ्या ‘ग्रीन बे पॅकर्स’ या संघानें धंदेवाईक अमेरिकन फुटबॉलचें अजिंक्यपद तेरा वेळां मिळविलें आहे. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजलिस यांसारख्या कुबेरनगरींच्या कोणत्याही संघाला हा आंकडा गांठतां आलेला नाहीं. दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या शिकागो बेअर्स या संघाचीं अजिंक्यपदें नऊ. हें कसें घडलें, हा प्रश्न केवळ खेळाच्या शौकिनांचा नाहीं. लहानानें थोरांच्या पंक्तींत बसावें कसें आणि बसल्यावर तेथें टिकावें कसें, हाच त्यांतील खरा प्रश्न आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. महाराष्ट्रांत फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो, त्याच्याशीं या खेळाचें नांवापुरतेंच नातें आहे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो बहुतेक वेळ हातांत घेऊन पळावयाचा असतो, आणि हुतूतूंतल्याप्रमाणें अंगाला अंग भिडवून प्रतिपक्षाच्या गड्याला पाडावयाचें असतें. प्रत्येक बाजूस अकरा गडी. मैदानाची लांबी शंभर यार्ड. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. सरकला तर त्याला आणखी चार प्रयत्न मिळतात; न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली कीं सहा गुण. दांड्यांच्या मधून तो लाथेनें उडविला तर तीन. दूरवर फेंकलेला चेंडू धांवत्या गड्यानें अधांतरीं झेलावा, ही या खेळांतील सर्वांत नेत्रदीपक करामत.

१९१९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ग्रीन बे येथील एका वृत्तपत्राच्या कचेरींत कांहीं तरुण जमले. त्यांना एकत्र आणणारे दोघे होते : अर्ल लँबो हा एकवीस वर्षांचा खेळाडू, आणि त्या पत्रांत क्रीडावार्ता लिहिणारे जॉर्ज कॅलहून. लँबोचे केस कुरळे. म्हणून सारा गांव त्याला ‘कर्ली’ म्हणे. नोत्र दाम विद्यापीठांत एक हंगाम खेळून तो आजारपणामुळें घरीं परतला होता, आणि मांस डब्यांत भरून विकणाऱ्या ‘इंडियन पॅकिंग कंपनी’त नोकरी करीत होता. त्या नांवांतील ‘इंडियन’ शब्दाचा आपल्या देशाशीं कांहीं संबंध नाहीं. तो अमेरिकेच्या मूळच्या रहिवाशांना उद्देशून आहे. लँबोनें मालकांकडे गणवेशासाठीं पैसे मागितले. कंपनीनें पांचशे डॉलर दिले आणि सरावासाठीं आपली मोकळी जागाही दिली. त्यावरून संघाचें नांव पडलें ‘पॅकर्स’, म्हणजे डबे भरणारे. पुढें ती कंपनी गेली. नांव मात्र शंभर वर्षें उलटल्यावरही कायम आहे.

पहिल्या वर्षीं या मंडळींनीं अकरापैकीं दहा सामने जिंकले. तिकीट असें कांहीं नव्हतें. प्रेक्षकांत टोपी फिरवून जें जमे तेंच उत्पन्न. हंगामाच्या अखेरीस हिशेब झाला, तेव्हां प्रत्येक गड्याच्या वाट्याला पावणेसतरा डॉलर आले.

१९२१ सालीं संघ धंदेवाईक संघांच्या मंडळांत दाखल झाला. या मंडळानें पुढच्याच वर्षीं ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हें नांव धारण केलें. परंतु प्रतिष्ठेबरोबर संकटेंही दारांत उभीं राहिलीं. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना खोट्या नांवांनीं खेळविल्याच्या दोषावरून संघाचा परवाना काढून घेण्यांत आला. तो लँबोनें १९२२ सालीं स्वतःच्या नांवानें पुन्हां मिळविला. त्या हंगामांत पावसानें प्रेक्षकांना घरीं बसविलें आणि संघाच्या डोक्यावर कर्ज झालें. खाजगी धंदा असता तर तो तेथेंच बुडाला असता. परंतु गांवच्या वृत्तपत्राचे व्यवस्थापक अँड्र्यू टर्नबुल व त्यांचे स्नेही यांनीं वेगळाच मार्ग काढला. १९२३ सालीं त्यांनीं संघाची सार्वजनिक मंडळी स्थापिली आणि पांच डॉलरांचा एक असे एक हजार भाग गांवकऱ्यांत विकून पांच हजार डॉलर उभे केले. या भागांवर व्याज नाहीं, नफा नाहीं, कसलीही वांटणी नाहीं, अशी व्यवस्था ठरली. भाग घेणाराला एकच गोष्ट मिळावयाची होती : संघ आपला आहे, हें म्हणण्याचा हक्क.

या युक्तीचें मोल कळावयाचें असेल तर त्या काळचीं इतर लहान गांवें पाहावींत. कँटन, रॉक आयलंड, डुलुथ, पॉट्सव्हिल, अशा कित्येक गांवांचे संघ त्या मंडळांत होते. कांहीं वर्षांतच ते एकामागून एक मावळले किंवा मोठ्या शहरांनीं ते गिळले. ग्रीन बे तेवढें उरलें.

केवळ उरलें असें नव्हे, तर अग्रभागीं आलें. त्या काळीं अंतिम सामना नसे. हंगामांत ज्याची कामगिरी सर्वांत चांगली त्याला अजिंक्यपद मिळे. १९२९ सालीं पॅकर्सनीं तेरा सामन्यांपैकीं बारा जिंकले, एक बरोबरींत सोडविला आणि एकही गमावला नाहीं. १९३० व १९३१ हीं वर्षेंही त्यांचींच ठरलीं. लागोपाठ तीन अजिंक्यपदें हा पराक्रम त्यापूर्वीं कोणीं केला नव्हता. त्यानंतरही तो एकाच संघाला साधला, आणि तो संघ म्हणजे पुन्हां हाच. परंतु तें पुढें येईलच.

याच वैभवाच्या काळांत दुसरें संकट ओढवलें. एक प्रेक्षक बांकांवरून पडून जायबंदी झाला, त्यानें दावा लावला व तो जिंकला. ज्या विमा कंपनीनें ती भरपाई द्यावयाची तीच बुडाली. त्यांतच जगभर मंदीची लाट आलेली. संघाचा कारभार न्यायालयानें नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हातीं गेला. १९३५ सालीं गांवकऱ्यांनीं दुसऱ्यांदा खिशांत हात घातला आणि नव्यानें भाग घेऊन संघ सोडविला.

त्याच वर्षीं आलाबामाहून डॉन हटसन नांवाचा एक सडपातळ तरुण संघांत आला. शिकागोविरुद्धच्या सामन्यांत पहिल्याच डावाला त्यानें आर्नी हर्बर यानें फेंकलेला चेंडू झेलला आणि ८३ यार्डांची मजल मारून रेषा ओलांडली. त्या सामन्यांत त्यापुढें कोणाचाही गुण झाला नाहीं. हटसन अकरा हंगाम खेळला. चेंडू झेलून रेषा ओलांडण्याचा त्याचा ९९ वेळांचा उच्चांक १९८९ सालापर्यंत कोणास मोडतां आला नाहीं. १९३६ सालीं पॅकर्सनीं बोस्टनच्या संघाला २१–६ असें हरविलें; १९३९ सालीं न्यूयॉर्क जायंट्सवर २७–० असा विजय मिळविला; आणि १९४४ सालीं त्याच जायंट्सना त्यांच्याच शहरांत १४–७ असें नमविलें. लँबोच्या शिक्षकत्वाखालीं हें सहावें अजिंक्यपद. इतकीं अजिंक्यपदें मिळविणारे शिक्षक या खेळाच्या इतिहासांत तिघेच आहेत : लँबो, शिकागोचे जॉर्ज हॅलस आणि पुढील काळांतील न्यू इंग्लंडचे बिल बेलिचिक.

चढाव झाला म्हणजे उतार आलाच. १९४९ सालीं संघानें बारांपैकीं अवघे दोन सामने जिंकले आणि तिजोरींत खडखडाट झाला. त्या वर्षीं नोव्हेंबरांत, पडत्या बर्फांत, संघाच्या गड्यांनीं आपसांतच दोन बाजू पाडून एक सामना केला. जुने नामवंत खेळाडूही मदतीला धांवले. त्या एका दिवसांत सुमारें पन्नास हजार डॉलर जमले आणि हंगाम पार पडला. १९५० च्या जानेवारींत लँबोनें राजीनामा दिला. ज्यानें रोप लावलें तोच बाग सोडून गेला. पण गांव थांबलें नाहीं. त्याच वर्षीं तिसऱ्यांदा भाग विकण्यांत आले आणि सुमारें एक लक्ष अठरा हजार डॉलर उभे राहिले.

१९५६ सालचा एक प्रसंग येथें नमूद करण्यासारखा आहे. जुनें मैदान अपुरें पडूं लागलें होतें, आणि नवें बांधण्यासाठीं कर्ज काढावें कीं नाहीं यावर गांवाचें मत घ्यावयाचें होतें. त्या वेळीं शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस, म्हणजे पॅकर्सचे हाडवैरी, स्वतः ग्रीन बे येथें आले आणि मैदानाच्या बाजूनें मत द्या, असें त्यांनीं गांवकऱ्यांना आवाहन केलें. ठराव मोठ्या बहुमतानें पसार झाला व १९५७ सालीं नवें क्रीडांगण उघडलें. लँबोच्या मृत्यूनंतर १९६५ सालीं त्याला त्याचें नांव देण्यांत आलें. तोडीचा प्रतिस्पर्धी जिवंत राहण्यांतच आपल्या विजयाची शोभा आहे, हें हॅलस यांना उमगलें होतें.

मैदान नवें झालें तरी खेळ सुधारला नव्हता. १९५८ सालीं संघानें बारांपैकीं एकच सामना जिंकला. त्या तळाशीं गेलेल्या संघाचा ताबा १९५९ सालीं व्हिन्स लोंबार्डी यांच्याकडे आला. हे न्यूयॉर्कचे. एका शाळेंत लॅटिन, रसायन व पदार्थविज्ञान शिकवीत असतां त्यांनीं फुटबॉलही शिकविला होता. त्यांनीं गांवांत पाऊल टाकलें तेव्हां बार्ट स्टार, पॉल हॉर्नंग, जिम टेलर, फॉरेस्ट ग्रेग, रे निट्श्के हे सारे खेळाडू संघांत आधींपासूनच होते. म्हणजे हरणारीं माणसें व जिंकणारीं माणसें पुष्कळ अंशीं तींच. स्टार तर नव्या खेळाडूंच्या निवडींत दोनशेवा निवडला गेलेला. लोंबार्डी यांनीं नवे मंत्र आणले नाहींत. मोजकेच डाव घेतले आणि ते शेंकडों वेळां घोटवून घेतले. पहिल्याच वर्षीं संघानें सात सामने जिंकले. १९६० सालीं तो अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व फिलाडेल्फियाकडून १७–१३ असा हरला. वेळ संपली तेव्हां चेंडू रेषेपासून अवघा नऊ यार्डांवर होता. लोंबार्डी यांच्या हाताखालीं पॅकर्सनीं अजिंक्यपदाचा सामना गमावला तो तेवढाच, पहिला आणि शेवटचा.

१९६१ सालीं ग्रीन बे येथेंच न्यूयॉर्क जायंट्सचा ३७–० असा धुव्वा उडाला. एकट्या हॉर्नंगनें १९ गुण केले. १९६२ सालीं चौदांपैकीं तेरा सामने जिंकून पुन्हां त्याच जायंट्सना १६–७ असें हरविलें. मग १९६५ सालीं क्लीव्हलंडवर २३–१२ असा जय मिळाला. १९६६ सालीं डॅलसवर ३४–२७ असा. त्या सुमारास एक दुसरें प्रतिस्पर्धी मंडळ उभें राहिलें होतें, आणि दोन्ही मंडळांच्या विजेत्यांनीं परस्परांशीं खेळावें असा करार झाला. हाच तो पुढें ‘सुपर बोल’ या नांवानें प्रसिद्ध झालेला सामना. पहिला सुपर बोल १९६७ च्या जानेवारींत झाला आणि पॅकर्सनीं कॅन्सस सिटीला ३५–१० असें नमविलें.

परंतु ज्याची आठवण त्या गांवांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तो सामना १९६७ च्या ३१ डिसेंबरचा. प्रतिस्पर्धी पुन्हां डॅलस. त्या दिवशीं पारा शून्याखालीं २५ सेंटिग्रेड अंशांवर उतरला होता. मैदानाखालीं उष्णता देणाऱ्या तारा घातलेल्या होत्या, त्याही निकामी ठरल्या आणि जमीन दगडासारखी घट्ट व काचेसारखी निसरडी झाली. पंचांच्या धातूच्या शिट्या गोठल्या. त्यांना ओरडून खेळ चालवावा लागला. अशा थंडींत पन्नास हजार माणसें घोंगड्या पांघरून बसून होतीं. सामना संपावयास चार मिनिटें पन्नास सेकंद उरलीं, तेव्हां पॅकर्स १४–१७ असे मागें होते आणि रेषा ६८ यार्ड दूर होती. पावलापावलानें ते पुढें सरकले. शेवटीं रेषा हातभर अंतरावर आली आणि सोळा सेकंद राहिले. त्याआधींचे दोन प्रयत्न पाय घसरून फुकट गेले होते. लाथेनें तीन गुण मिळवून बरोबरी साधणें शक्य होतें. पण हा प्रयत्न हुकला असता तर घड्याळ थांबविण्याची सवलतही शिल्लक नव्हती. बार्ट स्टारनें चेंडू दुसऱ्या कोणाकडे न देतां स्वतःच पोटाशीं धरला, जेरी क्रेमर व केन बोमन यांनीं समोरचा गडी हटविला, आणि त्या फटींतून स्टार रेषेपलीकडे पडला. सामना २१–१७. लागोपाठ तिसरें अजिंक्यपद मिळालें आणि १९३१ नंतर प्रथमच तो पराक्रम घडला. दोन आठवड्यांनीं दुसऱ्या सुपर बोलमध्यें ओकलंड ३३–१४ असें हरलें. त्यानंतर लोंबार्डी यांनीं शिक्षकपद सोडलें. १९७० च्या सप्टेंबरांत कर्करोगानें त्यांचें निधन झालें; सुपर बोलच्या विजेत्याला मिळणाऱ्या चषकाला आज त्यांचें नांव आहे.

त्यानंतर मात्र दीर्घ अंधार आला. १९६८ पासून १९९२ पर्यंतच्या पंचवीस हंगामांत संघ निर्णायक फेरीपर्यंत अवघा दोनदां पोंचला. स्वतः बार्ट स्टार नऊ वर्षें शिक्षक होते, पण जुने दिवस परत आले नाहींत. याच काळांत ग्रीन बेची खरी परीक्षा झाली. संघ जिंकत असतां मैदान भरणें यांत नवल नाहीं. परंतु या हरत्या वर्षांतही हंगामाचीं सर्व तिकिटें विकलीं जात. १९६० पासून ही परंपरा अखंड चाललेली आहे. त्यास आणखी एका गोष्टीचा टेंकू मिळाला. १९६१ सालीं असा कायदा झाला कीं, मंडळाला सर्व संघांच्या वतीनें दूरचित्रवाणीच्या हक्कांची एकत्र विक्री करतां यावी. ते पैसे सर्व संघांत सारखे वांटले जाऊं लागले. न्यूयॉर्कला जेवढें, तेवढेंच ग्रीन बेला. हा न्याय नसता तर पांच डॉलरांच्या भागांची पुण्याई फार काळ पुरली नसती.

१९९१ च्या अखेरीस रॉन वुल्फ यांच्या हातीं संघाची बांधणी आली. त्यांनीं माइक होल्मग्रेन यांना शिक्षक नेमलें, ब्रेट फार्व्ह याला अटलांटाहून आणलें आणि १९९३ सालीं रेजी व्हाइट या बलाढ्य खेळाडूस संघांत घेतलें. कोठेंही जाण्यास मोकळा असलेला असा नामांकित पुरुष त्या आडगांवीं आला, याचें साऱ्या देशास आश्चर्य वाटलें. १९९७ च्या जानेवारींत पॅकर्सनीं न्यू इंग्लंडला ३५–२१ असें हरवून बारावें अजिंक्यपद मिळविलें. त्या सामन्यांत डेस्मंड हॉवर्डनें ९९ यार्ड पळत जाऊन केलेली धांव प्रतिपक्षाची उमेद मोडून गेली. तेरावें अजिंक्यपद २०१० च्या हंगामाचें. त्या वर्षीं संघ कसाबसा निर्णायक फेरींत शिरला होता. तरी फिलाडेल्फिया, अटलांटा व शिकागो या तिघांना त्यांच्याच मैदानांवर नमवून, २०११ च्या फेब्रुवारींत ॲरन रॉजर्सच्या नेतृत्वाखालीं त्यानें पिट्सबर्गवर ३१–२५ असा विजय मिळविला. पुढील दहा वर्षांत तो चार वेळां सुपर बोलच्या उंबरठ्यावरून परत फिरला. तथापि २०२२ च्या डिसेंबरांत शिकागोलाच हरवून त्यानें आपला ७८७ वा विजय नोंदविला, आणि एकूण विजयांच्या संख्येंतही त्या जुन्या प्रतिस्पर्ध्यास मागें टाकलें.

या मंडळांत आज बत्तीस संघ आहेत. एकतीस संघ धनिकांच्या मालकीचे आहेत; अशा संघाचा मालक मनांत आणील तर तो उचलून दुसऱ्या शहरीं नेऊं शकतो, आणि तसें अनेकदां घडलेंही आहे. बत्तिसाव्याचे मालक पांच लक्षांहून अधिक आहेत. १९९७, २०११ व २०२१ सालीं पुन्हां भाग विक्रीस निघाले, तेव्हां दोनशें-तीनशें डॉलर मोजूनही लोकांनीं ते उत्साहानें घेतले. कोणालाही नफा नाहीं. भाग बाजारांत विकतां येत नाहीं. तो चौकटींत घालून भिंतीवर लावावयाचा, एवढाच त्याचा उपयोग. संघ कधीं विकला गेलाच, तर येणारा पैसा धर्मादाय कार्याकडे जाईल अशी तजवीज आहे. त्यामुळें तो विकण्याचा मोह कोणासच पडूं नये. नव्या नियमांनुसार अशी मालकी आतां दुसऱ्या कोणत्याही संघाला घेतां येत नाहीं.

हिंवाळ्यांत बर्फ पडला कीं गांवांतील माणसें फावडीं घेऊन क्रीडांगणावर येतात व बसण्याच्या जागा मोकळ्या करतात. उन्हाळ्यांत सरावाच्या दिवशीं गांवचीं मुलें आपल्या सायकली घेऊन दारांत उभीं राहतात. आडदांड खेळाडू त्या चिमुकल्या सायकलींवर बसून मैदानाकडे जातात आणि मुलें त्यांचीं शिरस्त्राणें संभाळीत शेजारून धांवतात. अजिंक्यपदें तेरा झालीं. चौदावें केव्हां येईल तें येवो. परंतु १९२३ सालीं ज्या गांवकऱ्यांनीं पांच डॉलर देऊन परताव्याची अपेक्षा ठेवली नाहीं, त्यांच्या पणतवंडांच्या सायकलींवरून तो संघ आजही त्याच गांवांत सरावाला जातो. त्या पांच डॉलरांवर याहून मोठें व्याज कोणतें मिळावयाचें?